शालेय गणिताची पायरी आणि तिचे कारण: समीकरणे, शाब्दिक उदाहरणे आणि नाकारलेली उत्तरे

त्रिज्या

माध्यमिक शाळेतील गणिते सोडवताना विद्यार्थी पायऱ्या नीट लिहितात, परंतु एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाण्याचा अधिकार आपल्याला कशामुळे मिळाला, हे क्वचितच लिहितात. या धाग्यात नेहमीची उदाहरणे घेऊन प्रत्येक पायरीचे कारण शब्दांत मांडावे, अशी माझी इच्छा आहे. उत्तर किती आले याहून मला दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. ही पायरी खालून वर वाचली तरी खरी राहते का? आणि राहत नसेल, तर तिथे एखादे उत्तर जास्तीचे शिरले आहे किंवा एखादे खरे उत्तर निसटले आहे का?

सुरुवात अपूर्णांक असलेल्या साध्या समीकरणापासून करते.

(२क्ष − १)/३ − (क्ष − ४)/२ = २

छेद ३ आणि २ आहेत, त्यांचा ल.सा.वि. ६ आहे, म्हणून दोन्ही बाजूंना ६ ने गुणू. सहा ही शून्येतर संख्या असल्याने ही पायरी उलटही वाचता येते. ६ ने भागले की मूळ समीकरण जसेच्या तसे परत मिळते.

२(२क्ष − १) − ३(क्ष − ४) = १२
४क्ष − २ − ३क्ष + १२ = १२
क्ष + १० = १२
क्ष = २

पडताळा: (४ − १)/३ − (२ − ४)/२ = १ + १ = २. दोन्ही बाजू समान आल्या.

या उदाहरणात दोन चुका वारंवार होतात आणि दोन्ही शिकण्यासारख्या आहेत. पहिली चूक म्हणजे उजवीकडील २ ला ६ ने गुणायचे राहून जाते. मग क्ष + १० = २ होऊन क्ष = −८ मिळते. हे उत्तर मूळ समीकरणात घातले, तर डावी बाजू −१७/३ + ६, म्हणजे १/३ येते. आता १/३ हा २ चा बरोबर सहावा भाग आहे हे पाहा. न झालेल्या गुणाकाराची खूण पडताळ्यातच उमटली आहे. दुसरी चूक कंस सोडवताना होते: −३ आणि −४ यांचा गुणाकार +१२ ऐवजी −१२ लिहिला जातो, मग क्ष = २६ येते आणि डावी बाजू १७ − ११, म्हणजे ६ भरते. ती २ पेक्षा ४ ने जास्त आहे. चिन्हाच्या चुकीमुळे २४ चा फरक पडला होता, आणि २४ ला ६ ने भागले की हेच ४ मिळतात. म्हणून पडताळा चुकला की सगळे खोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू नये. आधी किती फरक पडला ते पाहावे. पुष्कळदा चूक कोणत्या ओळीत आहे हे तो फरकच सांगतो.

सहगुणक

आपली मांडणी आवडली. तिला पूरक म्हणून पक्षांतराविषयी लिहितो.

'पद पलीकडे नेले की चिन्ह बदलते' हा नियम विद्यार्थ्यांच्या तोंडी इतका बसलेला असतो की त्यामागची क्रिया दिसेनाशी होते. क्ष + १० = १२ यावरून क्ष = १२ − १० लिहिताना कोणतेही पद कुठेही जात नाही; दोन्ही बाजूंतून १० वजा केले जातात आणि डावीकडे १० − १० शून्य होतात, एवढेच घडते. हे माहीत नसले की ३क्ष = १२ या समीकरणातील ३ सुद्धा चिन्ह बदलून पलीकडे जातो आणि क्ष = १२ − ३ असे लिहिले जाते. इथे ३ हा क्ष ला गुणलेला आहे, मिळवलेला नाही, म्हणून दोन्ही बाजूंना ३ ने भागायला हवे. माझा आग्रह असा आहे की निदान पहिले काही महिने प्रत्येक ओळीच्या उजवीकडे 'दोन्ही बाजूंतून १० वजा केले', 'दोन्ही बाजूंना ३ ने भागले' असे शब्दांत लिहावे. वेळ जातो हे खरे, पण त्या वेळेचा मोबदला पुढे वर्गसमीकरणांत मिळतो.

असमानतेतही हीच सवय उपयोगी पडते. ५ − २क्ष < ११ हे सोडवताना −२क्ष < ६ मिळते आणि −२ ने भागताना चिन्ह उलटून क्ष > −३ होते. हे उलटणे पाठ करण्यापेक्षा दोन्ही बाजूंत २क्ष मिळवून दोन्हींतून ११ वजा करावेत, म्हणजे −६ < २क्ष आणि त्यावरून −३ < क्ष असे मिळते, ऋण संख्येने भागण्याची वेळच येत नाही. दोन्ही मार्गांनी एकच उत्तर आले की उलटण्याचा नियम आपोआप पटतो.

दुसरी गोष्ट बरोबरच्या चिन्हाची. इंग्लंडमध्ये १५५७ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात रॉबर्ट रेकॉर्ड याने हे चिन्ह वापरले, आणि दोन समांतर सारख्या रेषांइतकी समान दुसरी कोणतीही गोष्ट नसते, असे त्याचे कारण दिले. हे चिन्ह 'पुढे उत्तर येते' असे सांगत नाही, ते दोन्हीकडच्या राशी समान आहेत असे सांगते. कच्च्या कामात ३ + ५ = ८ × २ = १६ अशी साखळी लिहिली जाते, तेव्हा ३ + ५ आणि १६ समान आहेत असे विधान कागदावर उतरलेले असते. उत्तर बरोबर असले तरी लिहिलेले विधान खोटे आहे, आणि असे विधान बीजगणितात फार काळ निभत नाही.

जिज्ञासू

त्रिज्याताई, आपण पायरी उलट वाचण्याविषयी लिहिले आहे, त्याच संदर्भात एक शंका विचारतो. पुढील उदाहरणात मी प्रत्येक ओळ पुन्हा पुन्हा तपासली, आणि एकही ओळ मला चुकीची वाटत नाही.

√(क्ष + ७) = क्ष − ५
क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५
क्ष² − ११क्ष + १८ = ०
(क्ष − ९)(क्ष − २) = ०

म्हणून क्ष = ९ किंवा क्ष = २. परंतु २ घातल्यास डावीकडे ३ आणि उजवीकडे −३ येतात. सर्व पायऱ्या बरोबर असतील, तर चुकीचे उत्तर आले कुठून?

त्रिज्या

जिज्ञासू, तुमच्या सर्व ओळी बरोबर आहेत. प्रश्न ओळींचा नाही, पहिल्या आणि दुसऱ्या ओळीमधल्या वाटेचा आहे.

दोन संख्या समान असतील तर त्यांचे वर्ग समान असतात. पण वर्ग समान असले म्हणजे संख्या समान असतातच असे नाही, कारण ३ आणि −३ या दोघांचाही वर्ग ९ आहे. म्हणून वर्ग करण्याची पायरी वरून खाली वाचता येते, खालून वर वाचता येत नाही. वर्ग केल्याबरोबर आपण नकळत आणखी एक समीकरण सोबत घेतले:

−√(क्ष + ७) = क्ष − ५

याचाही वर्ग केला की दुसरी ओळ हीच मिळते. तुमचे क्ष = २ हे उत्तर त्या समीकरणाची उकल आहे; पाहा, −३ = २ − ५. म्हणजे २ ही संख्या गणनेतील चुकीमुळे आलेली नसून दुसऱ्याच प्रश्नाचे अचूक उत्तर आहे. हे टाळण्याचा सरळ उपाय असा की वर्ग करण्याआधी अट लिहून ठेवावी: वर्गमूळाचे चिन्ह ऋणेतर संख्या दर्शवते, म्हणून क्ष − ५ ≥ ०, म्हणजेच क्ष ≥ ५. मग ९ राहते आणि २ गळते, आणि ते का गळले हेही उत्तरपत्रिकेत दिसते.

असेच जास्तीचे उत्तर छेदात चल असताना येऊ शकते. क्ष²/(क्ष − ३) = ९/(क्ष − ३) यात दोन्ही बाजूंना क्ष − ३ ने गुणल्यास क्ष² = ९ मिळते आणि क्ष = ३ किंवा −३ येते. परंतु ३ घेतल्यास मूळ समीकरणातील छेदच शून्य होतो. आपण ज्या राशीने गुणले ती शून्य असू शकते, याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे ३ आत शिरला. उकल फक्त −३ आहे.

आता याच्या नेमकी उलट बाजू पाहा, कारण ती मला जास्त धोक्याची वाटते.

(क्ष − ३)(क्ष + २) = ४(क्ष − ३)

दोन्ही बाजूंना क्ष − ३ आहे म्हणून तो खोडला, तर क्ष + २ = ४, म्हणजे क्ष = २ मिळते. पडताळाही जुळतो. तरीही उत्तर अपुरे आहे, कारण क्ष = ३ घेतल्यास दोन्ही बाजू शून्य होतात, म्हणजे तीही उकल आहे. खोडणे म्हणजे क्ष − ३ ने भागणे, आणि क्ष = ३ असताना ते भागणे शक्यच नव्हते. योग्य मार्ग असा:

(क्ष − ३)(क्ष + २ − ४) = ०
(क्ष − ३)(क्ष − २) = ०

जास्तीचे शिरलेले उत्तर पडताळ्यात सापडते. निसटलेले उत्तर पडताळ्यात कधीच सापडत नाही, कारण जे आपल्या हाती नाही ते आपण तपासत नाही. म्हणून चल असलेल्या राशीने भागण्यापूर्वी 'ही राशी शून्य असेल तर काय?' हा प्रश्न वेगळ्या ओळीत लिहून त्याचे उत्तर आधी द्यावे.

रेखाखंड

उत्तर नाकारण्याचा विषय निघाला आहे, म्हणून भास्कराचार्यांचे एक उदाहरण मांडतो. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला. त्याच्या बीजगणित या भागात वानरांच्या कळपाचे उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून आलेल्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले आणि एक वानर बाहेर दिसला, तर कळपात एकूण वानर किती?

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष

कंसातील राशी (क्ष − १५)/५ आहे. तिचा वर्ग करून दोन्ही बाजूंना २५ ने गुणल्यास

क्ष² − ३०क्ष + २२५ + २५ = २५क्ष
क्ष² − ५५क्ष + २५० = ०
(क्ष − ५०)(क्ष − ५) = ०

क्ष = ५० घेतल्यास पाचवा भाग १०, त्यातून ३ वजा केल्यावर ७, त्याचा वर्ग ४९, आणि बाहेरचा एक मिळून ५०. क्ष = ५ घेतल्यास पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केल्यावर −२, त्याचा वर्ग ४, आणि एक मिळून ५. समीकरण दोन्ही वेळा जुळते. तरीही भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर घेतले नाही, कारण एका वानरातून तीन वानर वजा करणे लोकांना पटणारे नाही.

माझा मुद्दा असा आहे की जिज्ञासू यांच्या उदाहरणातील २ आणि या उदाहरणातील ५ ही दोन्ही उत्तरे आपण नाकारतो, पण नाकारण्याची कारणे अगदी वेगळी आहेत. तिथला २ मूळ समीकरणातच बसत नव्हता. इथला ५ समीकरणात पूर्णपणे बसतो. तो परिस्थितीत बसत नाही, कारण समीकरण लिहिताना 'पाचव्या भागातून तीन वजा करता आले पाहिजेत' ही अट आपण शब्दांतून चिन्हांत आणली नव्हती. क्ष ≥ १५ असे सुरुवातीलाच लिहिले असते, तर ती अट गणितात आली असती. उत्तरपत्रिकेत मात्र दोन्ही ठिकाणी 'ऋण म्हणून अमान्य' किंवा नुसते 'अमान्य' असे लिहून विद्यार्थी मोकळे होतात. कोणत्या कारणाने अमान्य, हे एका वाक्यात लिहायला लावले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सहगुणक

रेखाखंड यांनी केलेला भेद मला फार मोलाचा वाटतो, आणि तो काळ-कामाच्या उदाहरणांत स्पष्ट दिसतो. एक नेहमीचे उदाहरण घेऊ. दोन नळ एकत्र सोडल्यास टाकी ४ तासांत भरते. पहिल्या नळाला एकट्याने टाकी भरण्यास दुसऱ्यापेक्षा ६ तास कमी लागतात. तर प्रत्येकाला एकट्याने किती वेळ लागेल?

इथे पहिला अडथळा समीकरणाच्या आधीच येतो. पुष्कळ विद्यार्थी तासांची बेरीज करू पाहतात. दोन नळ एकत्र चालू असताना बेरीज होते ती प्रत्येकाने एका तासात भरलेल्या भागांची. लागणाऱ्या वेळांची बेरीज होत नाही. दुसऱ्या नळाला क्ष तास लागतात असे मानू. तो एका तासात टाकीचा १/क्ष भाग भरतो, पहिला १/(क्ष − ६) भाग भरतो, आणि दोघे मिळून १/४ भाग भरतात.

१/क्ष + १/(क्ष − ६) = १/४
४(२क्ष − ६) = क्ष(क्ष − ६)
क्ष² − १४क्ष + २४ = ०
(क्ष − १२)(क्ष − २) = ०

क्ष = १२ घेतल्यास दुसऱ्याला १२ आणि पहिल्याला ६ तास लागतात; १/१२ + १/६ = १/४ हे जुळते. क्ष = २ घेतल्यास पहिल्या नळाला २ − ६, म्हणजे −४ तास लागतील, आणि वेळ ऋण असू शकत नाही म्हणून हे उत्तर घेत नाही.

परंतु इथे थोडे थांबावे असे मला वाटते. १/२ + १/(−४) ही बेरीज खरोखरच १/४ आहे. म्हणजे समीकरणाची तक्रार नाही. एका तासात −१/४ भाग भरणारा नळ म्हणजे दर तासाला पाव टाकी रिकामी करणारा नळ. एक नळ २ तासांत टाकी भरणारा आणि दुसरा ४ तासांत ती रिकामी करणारा असेल, तर दोन्ही सुरू ठेवल्यावर टाकी ४ तासांतच भरेल. प्रश्नात दोन्ही नळ भरणारे आहेत असे आपण गृहीत धरले होते, ते समीकरणाला कुणी सांगितलेले नव्हते. नाकारलेल्या उत्तराचा असा अर्थ लावता आला की विद्यार्थ्याच्या मनात समीकरण आणि परिस्थिती यांचे नाते पक्के होते. वर्गात त्यासाठी दोन मिनिटे अवश्य द्यावीत.

पालक

माझी मुलगी सध्या वर्गसमीकरणे शिकत आहे, म्हणून विचारते. अवयव पाडणे, पूर्ण वर्ग करणे आणि सूत्र वापरणे अशा तीन पद्धती तिला शिकवल्या जात आहेत. सूत्राने प्रत्येक समीकरण सुटते, मग बाकीच्या दोन पद्धतींवर वेळ का घालवावा? पूर्ण वर्ग करताना येणाऱ्या अपूर्णांकांमुळे ती कंटाळून जाते.

रेखाखंड

आपला प्रश्न रास्त आहे, आणि अपूर्णांकांच्या त्रासावर जुना आणि उत्तम उपाय उपलब्ध आहे. भास्कराचार्यांनीच श्रीधराचार्यांच्या नावाने एक नियम दिला आहे: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मग मूळ समीकरणातील क्ष च्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवावा. तो वापरून पाहू.

२क्ष² + ७क्ष − १५ = ०

शालेय पद्धतीने आधी २ ने भागले की ७/२ येतात, मग त्याच्या निम्म्याचा वर्ग ४९/१६ येतो, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. श्रीधराचार्यांच्या नियमाने दोन्ही बाजूंना ४ × २ = ८ ने गुणावे:

१६क्ष² + ५६क्ष = १२०

आता दोन्हीकडे ७ चा वर्ग ४९ मिळवावा:

१६क्ष² + ५६क्ष + ४९ = १६९
(४क्ष + ७)² = १३²
४क्ष + ७ = १३ किंवा ४क्ष + ७ = −१३
क्ष = ३/२ किंवा क्ष = −५

एकही अपूर्णांक वाटेत आला नाही. हीच कृती अ·क्ष² + ब·क्ष + क = ० यावर केली, तर (२अ·क्ष + ब)² = ब² − ४अ·क मिळते, आणि सूत्र म्हणजे याच ओळीचे वर्गमूळ. आपल्या मुलीला सूत्र पाठ करण्यापूर्वी एकदा ही ओळ स्वतः काढू द्यावी. मग विवेचक ब² − ४अ·क हा कुठून आला, तो ऋण असल्यास वास्तव मुळे का नसतात, हे वेगळे सांगावे लागत नाही: डावीकडे वास्तव संख्येचा वर्ग आहे, तो ऋण होणार नाही.

त्रिज्या यांच्या कसोटीवरही ही पद्धत उतरते. अ शून्य नसल्यामुळे ४अ ने गुणणे उलट वाचता येते, आणि वर्गमूळ घेताना अधिक व वजा या दोन्ही शाखा लिहिल्यामुळे एकही उत्तर निसटत नाही. अवयवांचे म्हणाल, तर अवयव पटकन दिसले तर जरूर घ्यावेत. ते शोधण्यात पान भरू लागले की वर्गपूर्तीकडे वळावे.

जिज्ञासू

नाकारण्याच्या कारणांविषयी वाचल्यावर आणखी एका उदाहरणात अडलो आहे. २०, १८, १६, … या अंकगणिती श्रेढीच्या पहिल्या किती पदांची बेरीज १०८ होते, असा प्रश्न आहे. पदांची संख्या न मानली, तर न(२१ − न) = १०८ येते आणि न = ९ किंवा न = १२ मिळते. दोन्ही धन आणि पूर्ण संख्या आहेत. यांपैकी कोणते उत्तर नाकारावे?

त्रिज्या

कोणतेही नाकारू नये. आधी समीकरण तपासू. न व्या पदापर्यंतची बेरीज न/२ × [२ × २० + (न − १)(−२)], म्हणजे न/२ × (४२ − २न), म्हणजे न(२१ − न) आहे. तेव्हा न² − २१न + १०८ = ०, आणि अवयव (न − ९)(न − १२). न = ९ असताना ९ × १२ = १०८, न = १२ असताना १२ × ९ = १०८. समीकरणाला दोन्ही मान्य आहेत.

आता श्रेढी पुढे लिहून पाहा. नववे पद ४ आहे. त्यानंतर दहावे पद २, अकरावे ०, बारावे −२. या तीन पदांची बेरीज शून्य आहे, म्हणून नऊ पदांनंतर १०८ असलेली बेरीज बारा पदांनंतर पुन्हा १०८ होते. प्रश्नात पदे धन असावीत अशी अट नाही. वर्गसमीकरणाची दोन उत्तरे आली की त्यांतले एक नाकारायचेच असते, अशी समजूत शाब्दिक उदाहरणांच्या सरावातून रुजते, आणि मग विद्यार्थी कारण नसताना एक उत्तर खोडतो. दोन्ही उत्तरे तपासणे आणि अटीशी जुळत असल्यास दोन्ही लिहिणे हेच योग्य आहे.

सहगुणक

अंकांचे एक छोटे उदाहरण इथेच जोडतो, कारण त्यात प्रश्नालाच तपासता येते. दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ११ आहे आणि अंकांची अदलाबदल केल्यास संख्या २७ ने वाढते. दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य मानल्यास संख्या १०क्ष + य होते. ती 'क्षय' अशी नुसती शेजारी लिहून चालत नाही, कारण बीजगणितात त्याचा अर्थ गुणाकार होतो. अदलाबदलीतील वाढ (१०य + क्ष) − (१०क्ष + य) = ९(य − क्ष) आहे, म्हणून य − क्ष = ३, आणि क्ष + य = ११ यावरून य = ७, क्ष = ४. संख्या ४७ आहे, आणि ७४ − ४७ = २७ हे जुळते. ही वाढ नेहमी ९ च्या पटीत असते, त्यामुळे प्रश्नात २५ दिले असते, तर एकही ओळ न सोडवता असा प्रश्न चुकीचा आहे हे सांगता आले असते.

पालक

रेखाखंड, श्रीधराचार्यांची पद्धत मुलीला समजली आणि तिने ती स्वतःहून आणखी उदाहरणांवर वापरली. एक विचारायचे राहिले. समीकरणात पडताळा घेता येतो. भूमितीत तो कसा घ्यावा?

रेखाखंड

भूमितीत पडताळा घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे तेच उत्तर दुसऱ्या प्रमेयाने तपासणे. कखग या त्रिकोणात ख हा काटकोन आहे. खघ हा कर्ण कग वर लंब आहे. कघ = ४ आणि घग = ९ असल्यास खघ काढायचा आहे.

प्रथम समरूपता सिद्ध करू. त्रिकोण कघख मध्ये घ जवळ काटकोन आहे, म्हणून क आणि कखघ हे कोन मिळून ९० अंश होतात. ख जवळचा पूर्ण कोन ९० अंश असल्यामुळे कखघ आणि घखग हेही मिळून ९० अंश होतात. म्हणून क जवळचा कोन आणि कोन घखग समान आहेत. घ जवळचे दोन्ही कोन काटकोन आहेत. यावरून त्रिकोण कघख आणि त्रिकोण खघग समरूप आहेत. शिरोबिंदूंचा क्रम इथे जपून लिहावा लागतो: क ची संगती ख शी, घ ची घ शी आणि ख ची ग शी आहे. हा क्रम नीट लिहिला की आकृतीकडे न पाहताही बाजूंची गुणोत्तरे लिहिता येतात, आणि क्रम चुकला की गुणोत्तरे हमखास चुकतात.

कघ/खघ = घख/घग
खघ² = ४ × ९ = ३६
खघ = ६

लांबी धन असते, म्हणून −६ घेतला नाही. हे कारण परिस्थितीचे आहे. आता पायथागोरसच्या प्रमेयाने तपासू. कख² = १६ + ३६ = ५२ आणि खग² = ८१ + ३६ = ११७. दोन्हींची बेरीज १६९ आहे, आणि कर्ण ४ + ९ = १३ असल्याने त्याचा वर्गही १६९ आहे. दोन वेगळ्या वाटांनी एकच संख्या आली.

त्रिज्या

जिज्ञासू, आता एक उदाहरण तुमच्यासाठी देते. काटकोन त्रिकोणाचा कर्ण १३ एकक आहे आणि काटकोन करणाऱ्या बाजूंपैकी एक दुसरीपेक्षा ७ एककांनी मोठी आहे. बाजू काढा, आणि एखादे उत्तर नाकारल्यास त्याचे कारण लिहा.

जिज्ञासू

लहान बाजू क्ष मानतो. मग मोठी बाजू क्ष + ७ होते. अट लिहितो: क्ष > ०.

क्ष² + (क्ष + ७)² = १६९
२क्ष² + १४क्ष − १२० = ०
क्ष² + ७क्ष − ६० = ० (दोन्ही बाजूंना २ ने भागले; २ शून्य नाही)
(क्ष + १२)(क्ष − ५) = ०

क्ष = ५ घेतल्यास बाजू ५ आणि १२ होतात; २५ + १४४ = १६९. क्ष = −१२ हे उत्तर समीकरणात बसते, परंतु क्ष > ० या अटीत बसत नाही, म्हणून परिस्थितीमुळे नाकारतो. ते बसते याचे कारणही सापडले: क्ष = −१२ असल्यास क्ष + ७ = −५, म्हणजे तोच त्रिकोण, फक्त दोन्ही लांबी ऋण आणि त्यांच्या जागा बदललेल्या. समीकरणात लांबीचे केवळ वर्ग आहेत, आणि वर्गांना चिन्ह दिसत नाही.

त्रिज्या

पूर्ण आणि अचूक. दुसऱ्या ओळीत २ ने भागताना तुम्ही लिहिलेले कारण मला विशेष आवडले.